एकच झाड जाईल

शेतकरी मला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'मरबाई'. त्यांची चूक नव्हती. केळीच्या मर रोगाबद्दल गावोगाव सांगत फिरणं हीच माझी नोकरी होती. दर दीड-दोन महिन्यांनी एक बाई येते, भिंतीवर रंगीत चित्रं लावते आणि तुमची बाग कशी कशी मरू शकते ते समजावते. तिचं नाव लोकांनी कौतुकानं घ्यावं ही अपेक्षाच खुळेपणाची.

तेव्हा रोग आमच्याकडे आलेला नव्हता. नदीपलीकडे आला होता. मातीत राहणारी बुरशी, बुटाच्या तळव्याला, कुदळीला, लागवडीच्या मुनव्यांच्या, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबांच्या, मुळांना चिकटून प्रवास करते. औषध नाही. एकदा जमिनीत शिरली की वीस-तीस वर्षं मुक्काम हलवत नाही. आधी जुनी पानं कडेनं पिवळी पडतात, मग देठाशी मोडून बुंध्याभोवती लोंबायला लागतात, आणि बुंध्याला खिडकी कापून बघितलं तर आत तपकिरी दोरे दिसतात. हे सगळं मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. ऐकणाऱ्यांचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. सभा संपली की कुणीतरी हमखास यायचं आणि बूट बुडवायची जंतुनाशकाची बादली इथंच ठेवून जाता का, म्हणून विचारायचं. बादली चांगली जाड होती.

लोकांना दहा गोष्टी लक्षात राहत नाहीत, एक राहते, हे मला उशिरा कळलं. म्हणून मी एक ओळ तयार केली आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतली: 'लवकर सांगा, एकच झाड जाईल. लपवाल, तर बाग जाईल.' नियम तेव्हा तसाच होता. खरं म्हणजे आजारी झाडाभोवतीची आठ झाडंही काढायची असत, पण 'नऊ झाडं जातील' हे पाटीवर तितकं बरं दिसत नाही. ओळ मात्र चालली. पोरंसुद्धा रस्त्यात मला बघून ती म्हणायला लागली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

माझ्या हद्दीतल्या बावीस गावांत माझं माहेरही होतं. तिथं दादाची चौदाशे झाडांची बाग होती. पहिली लागवड वडिलांनी केलेली, नंतर दादानं वाढवलेली. म्हणजे व्यवहार दादा बघायचा, बोलायचा दादा, घड तोडायला आलेल्या माणसांवर ओरडायचा दादा. झाडं ओळखायची ती वहिनी. रोज उजाडलं की कोयता घेऊन निघायची, सुकलेली पानं काढायची, वाकलेल्या घडांना टेकू द्यायची, आणि घरी येऊन कुठल्या ओळीत काय चाललंय ते असं सांगायची की जणू शेजारणींची खबर सांगतेय. दादा म्हणायचा, हिला स्वतःच्या पोरांचे वाढदिवस विचारू नका, पण अमक्या झाडाला घड कधी आला ते विचारा. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला 'वन्सं' आणि 'तुम्ही'. मी तिला कितीदा सांगितलं की नुसतं नाव घे, तिला ते कधी जमलं नाही.

माझ्या सभेला ती शेवटच्या ओळीत बसायची. पहिल्या सभेनंतर सगळे पांगल्यावर हळूच जवळ आली आणि विचारलं, पान उन्हानं पिवळं पडतं ते आणि रोगानं पडतं ते, यातला फरक कसा ओळखायचा. पाच वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी तिला अर्धा तास समजावलं. तिनं ते पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं. अख्ख्या बावीस गावांत मला एक विद्यार्थीण मिळाली, आणि ती घरातली होती.

मग वरून पत्र आलं. नियम बदलला होता. यापुढे एक जरी झाड रोगी सापडलं तरी अख्खी बाग जागेवर मारायची, सभोवती कुंपण घालायचं, आणि त्या जमिनीत पुन्हा केळ लावायची नाही. नऊ झाडं काढून रोग थांबत नाही, हे नदीपलीकडे सिद्ध झालं होतं. साहेबांनी पत्र तीनदा वाचलं आणि खणात ठेवलं. म्हणाले, नव्या पाट्या छापून यायला दोन महिने लागतील, तोवर जुन्याच लावा. कुणी विचारलं तर काय सांगू, म्हटलं. विचारलं तर बघू, म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पण मी त्यांच्यावर खापर फोडणार नाही. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, खरं सांगू नका असंही म्हटलं नव्हतं. माझं मीच ठरवलं. अख्खी बाग जाणार हे कळलं तर कोण फोन करेल? रात्रीतून झाड उपटून पुरून टाकतील आणि वर माती सारखी करतील. बुरशी मात्र पाण्याबरोबर शेजाऱ्याकडे, तिथून पुढे, आणि दोन वर्षांत बावीसच्या बावीस गावं साफ. हा हिशेब चूक नव्हता, आजही नाही. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी अकरा सभा घेतल्या आणि अकराही ठिकाणी तीच पाटी लावली. आठवी सभा माहेरी होती. वहिनीनं ती ओळ वहीत उतरवून घेतली, तेव्हा मी पाटीच्या खिळ्याकडे बघत होते.

त्या सभेनंतर दहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचा फोन आला.

"वन्सं, सातव्या ओळीतलं अकरावं झाड. खालची दोन पानं कडेनं पिवळी पडलीत. उन्हाचं नाहीये. उन्हाचं मला कळतं."

मी गॅससमोर उभी होते. दूध उतू जात होतं आणि मी बघत होते.

"ह्यांना अजून सांगितलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं: उपटून टाक, जाळून टाक, आणि मला फोन केला होतास हे विसर. कुणालाही कळलं नसतं. मी म्हटलं, "हात लावू नकोस. कुणाला आत जाऊ देऊ नकोस. मी येते." ते नणंद बोलली की मरबाई, याचं उत्तर मी अजून शोधतेय.

पोहोचले तोवर दादाला कळलं होतं. तो फाटकात उभा होता. मी बादलीत बूट बुडवले, त्यालाही बुडवायला लावले, तिघं सातव्या ओळीत गेलो. मी बुंध्याला तळहाताएवढी खिडकी कापली. आत दोरे होते. चित्रात असतात त्याहून फिकट, पण होते. वहिनीनं बघितलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. शाबासकी मिळेल असं तिला वाटत असावं, आणि तिला ती मिळायलाच हवी होती. इतक्या लवकर तर मीसुद्धा ओळखलं नसतं.

दादानं विचारलं, किती झाडं जाणार. मी म्हटलं, आधी तपासणी होऊ दे. वहिनी म्हणाली, "एकच. पाटीवर लिहिलंय की."

मी तुकडा पिशवीत बांधत असताना दादा जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, हे झाड मी आत्ता काढतो आणि जाळतो, तू आज आलीच नाहीस, कोण बघतंय? मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं की झाड जळेल पण माती जळणार नाही, की त्याच्या बागेतलं पाणी खाली पंपवाल्याच्या बागेत जातं आणि तिथून पुढे चाळीस बागांत. प्रत्येक शब्द खरा होता. तो हसून म्हणाला, "जाऊ दे. एका झाडापायी तुझी नोकरी कशाला घालवू."

माझ्या भावानं माझ्यासाठी हो म्हटलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तपासणीचा निकाल यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस माझा जीव टांगणीला. वहिनीचा रोज फोन यायचा. दुसऱ्या कुठल्याही झाडावर काही नाही, मी सकाळ-संध्याकाळ बघते, म्हणायची. तिला वाटायचं यानं मला धीर येईल. दहाव्या दिवशी साहेब, मी आणि पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं माहेरी गेलो. मला रजा टाकता आली असती. पण रजा टाकून घरी बसणं त्याहून वाईट दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

झाडं तोडायची नसतात. तोडलं की चीक सांडतो, माती हलते. प्रत्येक बुंध्यात सुईनं विष सोडायचं आणि झाड उभ्याउभ्या मरू द्यायचं. चौदाशे बारा झाडं होती. घड भरत आले होते, उतरवायला तीन आठवडे उरले होते. त्यातलं एकही केळ कुंपणाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. साहेबांनी कागद वाचून दाखवला. दादानं तो हातात घेतला नाही.

तो मला म्हणाला, "एकच झाड म्हणाली होतीस."

"नियम बदलला, दादा."

"कधी?"

माझ्या मागून साहेब म्हणाले, "नुकताच." आणि मी मूग गिळून उभी राहिले.

दादा माझ्याकडे बघत राहिला. तो माझ्याकडे चाळिशी पार केलेली बहीण म्हणून बघत नव्हता. लहानपणी मी काही फोडलं आणि नाही म्हटलं की जसा बघायचा तसा बघत होता. वहिनी मध्ये आली. म्हणाली, "वन्संच्या हातात काय असतं? माहीत असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?" मग ती माणसांना पाणी द्यायला आत गेली. बाग मारायला आलेल्या माणसांना तिनं पाणी दिलं, आणि एकाच्या पेल्याचा टवका उडालेला होता तो बदलून आणला.

कुंपण घर आणि बाग यांच्या मधून गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जाळी आली. दोन आठवड्यांत पानं मोडून खाली आली. घड मात्र तसेच लोंबत राहिले आणि मरत्या झाडांवर पिकले. पक्ष्यांची चंगळ झाली. वहिनी उजाडता उठायची ती उठतच राहिली. कुंपणापर्यंत जायची, उभी राहायची, परत यायची. हे मला तिनं सांगितलं नाही, भाचीनं सांगितलं.

गावानं माझ्या शिकवणुकीतली एक गोष्ट मात्र अगदी तंतोतंत आत्मसात केली. दादाचे पाय कुणी आपल्या बागेत पडू देईना. घड उतरवायला माणसं लागायची, तरी त्याला बोलवत नव्हते. दुकानदार म्हणायचा, तुम्ही पायरीखालीच थांबा, मी आणून देतो. पंपवाल्यानं, म्हणजे खालच्या बागेच्या मालकानं, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तो आणि दादा एका बाकावर शिकलेले. बुटांना माती असते, मातीत रोग असतो, हे गावाला मीच शिकवलं होतं. कुणाला बोल लावणार? दादानं महिनाभरानं दूरच्या एका गोदामात रखवालीचं काम धरलं. आठवड्यातून एकदा घरी यायचा. माझ्याशी बोलणं त्यानं बंद केलं होतं, आणि वहिनीशीही माझ्यावरूनच भांडायचा. तो म्हणायचा, तिला माहीत होतं. ती म्हणायची, नव्हतं.

दोन महिन्यांनी नव्या पाट्या आल्या. पहिली सभा माझ्या माहेरीच घ्यायची असं साहेबांनी ठरवलं. त्यांच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली: वहिनीला जागरूक शेतकरी म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. चौकटीत बसवलेलं, खाली सही. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, लोकांसमोर चांगलं उदाहरण राहतं. हसावं की रडावं कळेना. वहिनी येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. म्हणाली, तुमची सभा आहे ना.

एकेचाळीस माणसं होती. मी नवी पाटी लावली आणि नवा नियम सांगितला: एक झाड रोगी, तर पूर्ण बाग. सगळ्यांना तो माहीतच होता, दादाच्या बागेकडे बघून त्यांनी तो केव्हाच वाचला होता. साहेबांनी चौकट दिली. वहिनीनं ती घेतली आणि शेवटच्या ओळीत जाऊन मांडीवर पालथी ठेवली. तेवढ्यात पंपवाला उठला. तो भांडकुदळ माणूस नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, वहिनीला विचारलं.

"वहिनी, तुमच्यावर माझा विश्वास आहे म्हणून विचारतो. पुन्हा असं झाड दिसलं, तर पुन्हा सांगाल?"

साहेब हसून तिच्याकडे बघत होते. उत्तर त्यांना ठाऊक असल्यासारखं. वहिनी उभी राहिली. पाच वर्षांत ती सभेत पहिल्यांदाच उभी राहिली. तिनं घाई केली नाही. पिवळं पान उन्हाचं की रोगाचं हे ठरवायला लागत असेल तेवढा वेळ घेतला.

"नाही," ती म्हणाली. आणि बसली.

सभा तिथंच संपली. साहेब काहीतरी बोलत राहिले, लोक उठत राहिले. चाळीस बागांचे मालक होते ते, आणि त्यांना हवं होतं ते उत्तर त्यांना मिळालं होतं. माझी पाच वर्षं एका शब्दात वाहून गेली, आणि तो शब्द म्हणणारीचा मला राग येत नव्हता. ती कधी खोटं बोललीच नव्हती. झाडाबद्दलही नाही आणि आताही नाही.

मी तिच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. ऊन उतरलं होतं. रस्ता कुंपणाच्या कडेनं जातो. आत आता काळे वाकलेले बुंधे आणि गुडघाभर गवत होतं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी हो म्हणणार होते, वन्सं. तोंडापर्यंत आलं होतं. नाही जमलं."

मी म्हटलं, बरं केलंस.

"तुम्हाला त्रास होईल आता नोकरीत."

"होऊ दे."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "ह्यांना मी रोज सांगते. बाग गेली ती गेली. पण वन्संना माहीत असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. निदान मला तरी. एवढं एक मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्यावरच चाललंय माझं."

मी गप्प राहायला हवं होतं. एवढे दिवस राहिले होते, आणखी वीस पावलं राहिले असते तर फाटक आलं असतं. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मी ठेवू शकले असते. पण तिनं नुकतंच सगळ्या गावासमोर खरं सांगितलं होतं, आणि मला तिच्या शेजारून चालवेना. ते मी तिच्यासाठी केलं की माझी छाती हलकी व्हावी म्हणून, हे मी स्वतःला विचारत असते. छाती काही हलकी झाली नाही.

"वहिनी, मला माहीत होतं," मी म्हटलं. "पत्र आधीच आलं होतं. त्या सभेच्या आधी. मी पाटी लावली तेव्हा मला माहीत होतं."

ती चालायची थांबली नाही. फाटकाशी आल्यावर तिनं चौकट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि कडी काढली. मला वाटलं, रडेल, ओरडेल. मला तेच हवं होतं. तिनं विचारलं, "मी वहीत लिहून घेत होते तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिनं मान हलवली. एखाद्या सभेत काही नीट समजल्यावर हलवायची तशीच. मग तिनं माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं.

"निघा आता," ती म्हणाली. "शेवटची बस चुकेल तुमची, बाई."

तिनं आत जाऊन फाटक लावलं, सावकाश, आवाज न करता. सत्तावीस वर्षांत तिनं मला 'वन्सं'शिवाय दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. मी बराच वेळ तिथं उभी होते. ती पुन्हा बाहेर आली नाही, आणि मला हाक मारायचं धाडस झालं नाही.